एकमताने मंजूर

प्रिय भाऊ,

आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या पत्राला तुम्ही आफ्रिकेहून उत्तर पाठवलं होतंत, त्यातली पहिलीच ओळ होती, 'मी तीर्थ नव्हे, मास्तर आहे; नावाने हाक मारलीस तरी ओ देईन.' सासऱ्यांना नावाने हाक मारण्याइतकी धिटाई माझ्यात नव्हती. म्हणून भाऊ, आणि म्हणून प्रिय.

तुम्हाला जाऊन उद्या दहा आठवडे होतील. गेलेल्या माणसाशी बोलत बसणाऱ्यांतली मी नाही. तुमच्या फोटोसमोर उदबत्ती लावते, हात जोडते आणि डब्यांच्या मागे लागते. पण काल दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या आणि दोन्ही तुमच्याच होत्या. सकाळी तळमजल्यावरच्या मोरितासान येऊन रविवारच्या सभेबद्दल विचारून गेल्या. आणि दुपारी तुमच्या संसदेतल्या जुन्या सोबत्याचं, बेनेडिक्टसाहेबांचं पत्र आलं.

हो, आलं. ज्या पत्रासाठी तुम्ही दहा महिने रोज साडेअकराला चार जिने उतरून टपालपेटी उघडून बघत होतात, ते. मला वाटायचं तुम्ही वकिलातीच्या कागदांची वाट बघताय. विचारलं कधीच नाही. का नाही विचारलं? कामं होती म्हणून, दुसरं काय!

पाकिटावर तुमचं नाव होतं, त्यामुळे उघडावं की नाही याचा मी संध्याकाळपर्यंत विचार केला. शेखर ऑफिसातून आला, पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, तूच उघड, तुझं आणि भाऊंचं जास्त जमायचं. मुलगा असून असं म्हणाला. तर उघडलं. त्यात काय आहे ते सांगतेच, पण आधी मला जे सांगायचंय ते सांगू द्या. तुमच्यासमोर मला कधी सलग बोलता आलं नाही, आज येईल.

तुमची गोष्ट मला पाठ आहे. शेंगा सोलताना, इस्त्री करताना, इराची वेणी घालताना मी ती इतक्या वेळा ऐकली की तुम्ही दम खायला थांबलात की पुढचं वाक्य मी म्हणायची. पूर्व आफ्रिकेतला छोटा देश, समुद्राकाठचं बाजाराचं गाव, आपल्या लोकांनी चालवलेली शाळा आणि पुण्याहून गणित शिकवायला आलेले पंचविशीतले ओक मास्तर. पलीकडच्या सरकारी शाळेत सालिम मास्तर. दोघांत मिळून एक सायकल आणि दोघांचा मिळून प्रौढांचा वर्ग. कोळ्यांना आणि बंदरावरच्या हमालांना अक्षरं शिकवता शिकवता तुम्ही दोघं पुढारी कधी झालात, ते तुम्हालाही नीट सांगता यायचं नाही.

स्वातंत्र्य जवळ आलं तेव्हा तिथल्या आपल्या लोकांनी एक पाय दुकानात आणि एक पाय बोटीत ठेवला. तुम्ही मात्र सरळ तिथला पासपोर्ट घेतलात. "ज्यांच्या पोरांना पाढे शिकवले त्यांच्याच देशात परका म्हणून राहू?" असं म्हणायचात. आईंना विचारलं होतंत का हो? आई म्हणायच्या, नाही विचारलं. तुम्ही म्हणायचात, विचारलं होतं. तेव्हा मी दोघांनाही मान डोलवायची.

मग निवडणूक. दोघंही उभे राहिलात, तुमची खूण छत्री. तुमच्या सदाशिव पेठी स्वाहिलीला लोक हसायचे आणि हसता हसता मत द्यायचे, हे तुमचंच म्हणणं. पहिली संसद भरली ती जकातीच्या जुन्या गोदामात. खुर्च्या मुलींच्या प्राथमिक शाळेतून आणलेल्या, त्यामुळे देशाचे पहिले पंतप्रधान गुडघे हनुवटीशी घेऊन बसले होते. हे सांगताना तुम्ही दरवेळी इराच्या स्टुलावर बसून दाखवायचात आणि दरवेळी उठायला माझा हात लागायचा.

पुढे उपमंत्री. सहकार खातं. एक टंकयंत्र आणि अर्धा टेलिफोन, कारण उरलेला अर्धा मत्स्योद्योग खात्याचा. कोळ्यांच्या सोसायट्या, वखारी आणि एक पूल. पूल सहकार खात्याकडे कसा आला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सहा वर्षांनी एका सकाळी दाढी करताना रेडिओवर नव्या मंत्र्यांची यादी ऐकलीत, तर तीत तुमचं नाव नव्हतं. कोणी कळवलं नाही, कोणी बोलावलं नाही. तुम्ही अर्धी राहिलेली दाढी पुरी केलीत, शाळेत गेलात आणि विचारलंत, गणिताला कोणी हवाय का. पुढची पंचवीस वर्षं तिथेच शिकवलंत.

आई आणि शेखर त्याआधीच पुण्याला परतले होते. शेखरला वडील म्हणजे दर दोन वर्षांनी येणारे सफारी सूटमधले पाहुणे. आई गेल्यावर तुम्हाला इथे आणायचं त्याने ठरवलं, तेव्हा मलाच आश्चर्य वाटलं होतं. व्हिसासाठी त्याने किती खेटे घातले ते तुम्हाला त्याने सांगितलं नसेल. मी सांगते, पुष्कळ घातले.

तुमच्या या पाठ झालेल्या गोष्टीत एक जागा अशी होती की तिथे तुमचा आवाज उतरायचा. तो कायदा. कोणालाही चौकशीशिवाय तुरुंगात ठेवता येईल असा. स्वातंत्र्याला अजून तीन वर्षंही झाली नव्हती. सकाळी चहाच्या वेळी सालिम मास्तर तुम्हाला म्हणाले, मी विरोधात हात वर करणार. तुम्ही म्हणालात, मीही. सभागृहात बाजूचे हात मोजून झाले, तुम्ही तेव्हा हात वर केला नाहीत. मग सभापतींनी विचारलं, विरोधात कोण? सालिम मास्तर हात वर करून उभे राहिले. तुम्ही हात उचललात आणि शेजारच्या बेनेडिक्टने तुमचं मनगट धरून तो खाली ओढला. "वेडा आहेस का, बायको-मुलाचा विचार कर." विरोधात एक मत पडलं. दोन महिन्यांनी त्याच कायद्याखाली सालिम मास्तरांना उचललं. चार वर्षांनी सुटले ते छातीचं दुखणं घेऊन, आणि फार जगले नाहीत.

"बेनेडिक्टने मला वाचवलं की बुडवलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही." हे तुमचं वाक्य. इथे मी कधी पुढचं बोलले नाही, कारण पुढे काही नसायचं.

आता आपल्या कावासाकीच्या गोष्टी. तुम्ही आलात तेव्हा मी धास्तावले होते. दोन खोल्यांचं घर, मी सकाळी बेकरीत आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम करणारी, शेखर रिलीजच्या आठवड्यात फक्त झोपायला घरी येणारा. दिवसभर हा माणूस करणार काय? मला काय माहीत की माणूस निवृत्त होतो, पुढारी नाही! पंधरा दिवसांत तुम्हाला जिन्यावरच्या दहाही घरांची नावं पाठ झाली. कचऱ्याच्या जागी सकाळी साडेसातला उभं राहून तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून 'ओक देसु', मी ओक, म्हणायचात. मोरितासानच्या यजमानांचा गुडघा कुठल्या दवाखान्यात दाखवला, ते मला तुमच्याकडून कळलं. आणि तुम्हाला जपानी किती यायचं? तीस शब्द. कोणाचं दुखणं विचारायला तीस शब्द पुरतात, हे तुम्हीच दाखवलंत.

तोबान, म्हणजे कचऱ्याची पाळी, आपल्याकडे आली की तुमचा सण. दाराच्या मुठीला ती लाकडी पाटी लटकली की आठवडाभर कचऱ्याची जागा आपली. गाडी येईपर्यंत पिशव्यांवर कावळ्यांसाठीची जाळी नीट ओढायची, गाडी गेली की जागा धुवायची, जाळी घडी करून ठेवायची. मी हे काम कपाळाला आठ्या घालून करायची. तुम्ही ते माझ्याकडून काढून घेतलंत आणि टाय लावून करायला लागलात. शेखरला लाज वाटायची. मलाही थोडी वाटायची, आता सांगते.

आणि काइरानबान! घरोघर फिरणारी ती सूचनांची फळी शेजाऱ्यांनी दारात ठेवली की तुम्ही इराला शाळेचं दप्तरही उतरवू द्यायचा नाहीत. तिच्याकडून ओळन् ओळ वाचून घ्यायचात, ती अर्थ जपानीतच सांगायची, मग मी स्वयंपाकघरातून ओरडून मराठी करायची. पाणी कधी बंद, भूकंपाची कवायत कधी, कोणाचं मांजर हरवलंय. तुम्ही संसदेतलं विधेयक ऐकावं तसं ऐकून घ्यायचात आणि शेवटी आपल्या हाताने शिक्का मारायचात. तो 'ओक' कोरलेला शिक्का स्टेशनजवळच्या दुकानातून तुम्ही मुद्दाम करवून घेतला होतात.

मग गेल्या वर्षीचा एप्रिल. आपल्या वसाहतीत आयटीवाली कुटुंबं वाढली होती, पुण्या-मुंबईची पाच आणि चेन्नईची दोन. खोटं कशाला बोलू, आपल्याच लोकांनी घोळ घातला होता. प्लास्टिकच्या दिवशी कांद्याच्या साली, तोबानच्या आठवड्यात जाळी न टाकता आठ अठ्ठावीसची लोकल गाठणं, आणि मग रस्ताभर कावळ्यांनी पसरलेला कचरा. वसाहतीच्या मंडळाने उपाय काढला. परदेशी कुटुंबांना भाषेची अडचण असते, तेव्हा त्यांना एक वर्ष तोबानमधून सूट द्यावी. सभेच्या आठवडाभर आधी मोरितासान मंडळातर्फे घरोघर विचारून गेल्या. इथे सगळं असंच ठरतं, सभेत फक्त वाचून दाखवतात. मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणून टाकलं. सूट मिळते तर कोण नाही म्हणतं? पाचही मराठी घरांत त्या दिवशी आनंदच होता. इनामदारांकडे तर शिरा झाला.

तुम्ही तेवढे इराकडून कागदाच्या तळाची बारीक ओळ दोनदा वाचून घेतलीत. तोबान नसलेल्या घरी फळी जाणार नाही आणि वार्षिक सभेला त्यांनी येण्याची तसदी घेऊ नये. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. "वृंदा, ही सूट नाही. ज्याला काम नाही त्याला खबर नाही, खबर नाही त्याला मत नाही. मी हे एकदा पाहिलंय."

मी म्हटलं, भाऊ, हा कचरा आहे, राज्यघटना नाही. तुम्ही हसलात. मला वाटलं, विषय संपला.

सभेला तुम्ही सूट घालून आलात. शेखर शनिवारी ऑफिसातच होता, रविवारी उठलाच नाही, म्हणून मीच आले. घडीच्या खुर्च्या, प्रत्येकासमोर चहाची बाटली, पायात सपाता. मी तुमच्या उजव्या हाताला बसले. अध्यक्षांनी ठराव वाचला, सगळ्यांनी माना हलवल्या. मग कागदातून मान वर न काढता त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, कोणाची हरकत असेल तर हात वर करावा. आणि तुमचा हात वर गेला.

मोरितासान समोरच बसल्या होत्या. मी त्यांना हो म्हणून बसले होते. आपल्या पोरीला ज्यांच्या पोरांबरोबर शाळेत जायचंय ती सगळी माणसं तिथे होती. मी तुमचं मनगट धरलं आणि हात खाली आणला, माझ्या मांडीवर, आणि तिथेच दाबून ठेवला. अध्यक्ष म्हणाले, एकमताने मंजूर. टाळ्या झाल्या. तुम्ही हात सोडवून घेतला नाहीत. मीही सोडला नाही, टाळ्या वाजवायच्या म्हणूनसुद्धा नाही.

परत येताना दुसऱ्या जिन्यावर तुम्ही दम खायला थांबलात. म्हणालात, "हात धरला की असं वाटतं, होय!"

मला तो टोमणा वाटला. मी म्हटलं, "भाऊ, आपल्याला इथे राहायचंय." तुम्ही म्हणालात, "तिथेही सगळे हेच म्हणायचे." बस, एवढंच. भांडण नाही, अबोला नाही. अबोला धरला असतात तर बरं झालं असतं.

त्याच दुपारची गोष्ट मला काल पत्र वाचून आठवली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मी पोळ्या लाटत होते. तुम्ही येऊन टेबलाशी बसलात, शर्टाची बाही वर केलीत आणि हात पुढे केलात. "पुन्हा एकदा धर बरं, सकाळसारखा." माझे हात पिठाचे. मी म्हटलं, हे काय भलतंच? तुम्ही म्हणालात, धर तर खरी. मी धरला. तुम्ही डोळे मिटून बसलात, इतका वेळ की तव्यावरची पोळी करपली. मग डोळे उघडून म्हणालात, "नाही. असं काही नव्हतं." आणि मनगटाचं पीठ झटकत आत गेलात. मला वाटलं, वयाप्रमाणे काहीतरी. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एक पाकीट दिलंत, बेनेडिक्टच्या राजधानीतल्या पत्त्यावर रजिस्टर करायला. मी ते बेकरीतून येताना टाकलं.

तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, हेही सांगून टाकते. फळी यायची बंद झाली. शिक्का ड्रॉवरमध्ये पडून राहिला. पाणी बंद होणार ते कळलं नाही, डोक्याला साबण लावलेला शेखर तसाच बाहेर आला, त्यावर आपण हसलो. पण ऑगस्टमध्ये मुलांनी पालखी ओढायची ती मिरवणूक आपल्या खिडकीखालून गेली, तेव्हा इराच्या वर्गातल्या सगळ्या मुली निळ्या अंगरख्यात होत्या आणि इरा खिडकीत. तिने मागे न वळता जपानीत विचारलं, आपल्याला का नाही बोलावलं? मी म्हटलं, विसरले असतील. तुम्ही पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघितलंत. 'मी सांगितलं होतं' एवढं तरी म्हणायचं होतं! तुमचा तो चांगुलपणा मला जाच व्हायचा.

फेब्रुवारीत तुम्ही न्यूमोनियाने पडलात. दवाखान्यात शेवटच्या आदल्या दिवशी मी संत्रं सोलत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, "बेनेडिक्टचं पत्र आलं नाही तरी आता चालेल." मी म्हटलं, येईल हो. मला काहीच ठाऊक नव्हतं आणि मी येईल म्हणत होते.

तर ते पत्र. तुमचे बेनेडिक्टसाहेब राजधानी सोडून कधीच गावी राहायला गेले होते, म्हणून तुमचं पत्र फिरत फिरत त्यांच्याकडे पोचलं. त्यांना दिसत नाही, नातीने लिहून घेतलंय. तुम्ही गेल्याचं त्यांना माहीत नाही. इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगते.

'प्रिय ओक, तू विचारलंस, त्या दिवशी मी तुझा हात नक्की कसा धरला होता. ओक, मी त्या दिवशी तुझ्या शेजारी नव्हतो. तुझ्या डाव्या हाताला भिंत होती. उजव्या हाताला सालिमची खुर्ची होती आणि तो उभा राहिला होता, म्हणून ती रिकामी होती. मी मागच्या ओळीत होतो. मला तुझे दोन्ही हात दिसत होते, ते तुझ्या मांडीवर होते. माझे माझ्या मांडीवर होते. पुढच्या आठवड्यात मंत्र्यांची यादी आली, तीत तू होतास आणि मीही होतो. मी तुझा हात धरला असं तू लोकांना सांगतोस, हे माझ्या कानावर येत होतं. मी कधी खोडून काढलं नाही. मला वाटायचं, या गोष्टीत आपल्यापैकी एकाचा तरी हात हलला, तर असू दे.'

भाऊ, मी हे वाचून आधी चिडले. वीस वेळा ऐकली होती मी ती गोष्ट! त्या माणसाला मनातल्या मनात भित्रा म्हणून बसले होते. आणि उपमंत्रिपद त्या मतदानाच्या पुढच्याच आठवड्यातलं, हे तुम्ही एकदाही का सांगितलं नाहीत? तुम्ही दोन्ही गोष्टी सांगायचात, पण कधी एका दुपारी नाही सांगितल्या. मध्ये कायम एखादा पूल किंवा अर्धा टेलिफोन असायचा.

मग मला ती करपलेली पोळी आठवली. तुम्ही खोटं सांगत नव्हतात. तुम्हाला तसंच आठवत होतं, चाळीस वर्षं. पण मनगटाला खरोखरीचा हात लागला आणि तुम्हाला कळलं की ही तुमच्या ओळखीची गोष्ट नाही. अशी पकड तुम्हाला आधी कधी लागलेली नव्हती. पंच्याहत्तरीला आलेल्या माणसाने एवढं कळल्यावर गप्प बसायचं, तर तुम्ही पत्र लिहून विचारलंत. आणि उत्तर यायच्या आधी तुम्ही ते स्वतःचं स्वतःला देऊन मोकळे झालात.

मी तुमची बाजू घेत नाही. सालिम मास्तरांच्या घरच्यांनी तुम्हाला माफ केलं असेल की नाही, ते मी कोण सांगणार? पण एक हिशेब माझा मला नीट कळतो. उभ्या आयुष्यात सगळ्यांच्या विरोधात तुमचा हात आपण होऊन एकदाच वर गेला, कावासाकीत, कचऱ्याच्या तोबानसाठी. आणि तो मी खाली ओढला. मला याचं फार वाईट वाटतं, भाऊ. फार म्हणजे फार. हे तुम्हाला सांगायचं होतं.

रविवारी पुन्हा सभा आहे. गेल्या वर्षीची सूट एका वर्षापुरती होती, आता ती कायमची करायचा ठराव आहे. त्यामुळे आपल्याला यंदा बोलावणं आहे, शेवटचं. काल सकाळी मोरितासान त्याचंच विचारायला आल्या होत्या, नेहमीसारखं आधी हो घ्यायला. तुम्ही गेलात तेव्हा पांढरी शेवंती घेऊन आल्या होत्या आणि रडल्या होत्या त्या बाई, त्यांच्या मनात वाईट काहीच नाही. पत्र तेव्हा आलं नव्हतं, तरी माझ्या तोंडून हो गेलं नाही. ऑगस्टपासून ते अडकलेलंच होतं. मी म्हटलं, आम्हाला तोबान हवी आहे. त्या दाराकडे वळल्या. मग चपला घालता घालता म्हणाल्या, "गेल्या वर्षी ओकसानचा हात मी पाहिला होता. मोजायच्या आत खाली गेला." आणि वाकून नमस्कार करून गेल्या.

आज मी तुमच्यासारखी दारोदार फिरले. बाकीच्या चारही मराठी घरी गेले, चेन्नईवाल्यांकडेही. पाटणकर म्हणाले, वहिनी, लोक काम टाळायला भांडतात, तुम्ही मागायला निघालात. इनामदारबाईंनी चहा दिला, तुमची आठवण काढली आणि म्हणाल्या, आम्ही सहा महिन्यांत परत जाणार, आम्हाला कशाला ओढता? चेन्नईच्या एका घरी दार उघडलं नाही, दुसऱ्या घरी बघू म्हणाले. शेखरला सांगितलं. तो म्हणाला, मी येतो. पण मग म्हणाला, रविवारी रिलीज आहे. आहेच ते, मी बघितलंय. प्रचारात मी पडले म्हणायचं. छत्री तरी होती तुमच्याकडे.

शिक्का ड्रॉवरमधून काढून पुसून ठेवलाय. इराने विचारलं, हा कशाला? मी म्हटलं, लागेल. तिने तो स्वतःच्या वहीवर तीन-चार वेळा उमटवून पाहिला. अजून चांगला उमटतो.

बेनेडिक्टसाहेबांना मी उत्तर लिहीन. तुम्ही गेलात हे कळवीन, आणि हेही की तुमचा हात शेवटी हलला होता, मी साक्षीदार आहे.

आणि तुम्हाला वचन देते. रविवारी मी भिंतीशी बसणार नाही, कडेलाही बसणार नाही. मधोमध बसेन, दोन्ही बाजूंना माणसं असतील अशा खुर्चीवर. अध्यक्षांनी हरकत विचारली की हात वर करीन आणि ते कागदातून मान वर काढून मोजेपर्यंत खाली घेणार नाही. कोणाला धरायचाच असेल तर धरू दे. हात धरल्यावर कसं वाटतं ते तुम्हाला माझ्यामुळे कळलं, मला अजून माहीत नाही. पण धरायला येतील तेव्हा तो वर असेल.

तुमची सून,
वृंदा